दारापाशी अडकणारा व्हिडिओ

खाली कमेंटमध्ये येऊन 'एडिटेड आहे' असं लिहिणाऱ्या हुशार मंडळींना आधीच सांगतो. मी एडिटर आहे. अठरा वर्षं हेच करतोय. व्हिडिओत काय घुसडता येतं आणि काय नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा तेवढे कष्ट घेऊ नका.

ही घडलेली गोष्ट आहे.

आणि रात्री घडलेली नाही. वारा सुटला नव्हता, कुत्री रडत नव्हती, दिवेही गेले नव्हते. मागच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार होता. दुपारचे बारा वाजत आले होते आणि मी माझ्या मेहुण्यांच्या घरी, चौथ्या मजल्यावर, एका भंगार कॉम्प्युटरसमोर बसलो होतो.

मेहुणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तोंडावर मी त्यांना दाजी म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते जाऊ द्या.

दाजी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला. ताई कपडे वाळत घालतेय, घे शूट. ताई चष्मा शोधतेय, घे शूट. जेवायला बसलं की समोर स्टँडवर कॅमेरा, आणि स्वतः मागे उभे राहून 'नैसर्गिक राहा' म्हणून दहादा सूचना. मी त्यांच्याकडे जाणं सोडलं ते याच वैतागाने. निदान सगळ्यांना मी तसं सांगायचो.

ताईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. झोपेतच गेली.

दाजींचा फोन आला तेव्हा मी तो तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. त्यांनी फार काही मागितलं नाही. ताईचा एक व्हिडिओ त्यांच्याकडे होता, एकवीस मिनिटांचा. त्यात ती टेबलावरून उठून दारापर्यंत चालत जाते. पण कॉम्प्युटरवर तो अडखळत चालायचा आणि ती दारापाशी पोचली की ठप्प व्हायचा.

"तिला चालताना बघायचंय रे," ते म्हणाले. "एकदा सलग. न थांबता. तेवढं करून दे."

नाही म्हणायची माझी फार इच्छा होती. जमलं नाही.

कॉम्प्युटर बघून मला हसावं की रडावं कळेना. त्याला फुलाफुलांच्या कापडाचं आवरण शिवलेलं. चालू असतानाही ते काढायचं नाही, धूळ बसते म्हणून. आत पंखा धुळीनेच गच्च झालेला. डिस्कमध्ये टाचणी ठेवायला जागा नाही, कारण प्रत्येक व्हिडिओ सात सात ठिकाणी ठेवलेला, 'सेफ्टी म्हणून'. तीन अँटीव्हायरस, तिघांचाही एकमेकांवर संशय. वेग वाढवून देतो म्हणणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर निम्मी ताकद स्वतःच खात बसलेलं. मशीन सुरू केलं की चौदा प्रोग्राम आपोआप उघडत. त्यातल्या एकात पडद्यावर नुसता एक मासा पोहत होता.

मासा कशाला ठेवलाय, मी विचारलं.

तिला आवडायचा, दाजी म्हणाले.

मी मासा बंद केला.

मग कामाला लागलो. पंखा साफ केला. डिस्क रिकामी केली. चौदातले तेरा प्रोग्राम बंद, अँटीव्हायरस एकच ठेवला. सोबत नेलेली जास्तीची रॅम बसवली. व्हिडिओ वेगळ्या, वेगवान डिस्कवर हलवला आणि एडिट करायला सोपं जावं म्हणून त्याची एक हलकी प्रत काढली. दाजी शेजारी स्टूलवर बसून सगळं वहीत लिहून घेत होते. पेच कोणत्या बाजूला फिरवला तेसुद्धा. मी दोन-तीनदा खवचट बोललो. त्यांनी तेही लिहून घेतलं असणार.

मग मी व्हिडिओ लावला.

लोण्यासारखा चालला.

समोर जेवणाचं टेबल, मागे बाहेरचं दार. टेबलावर तीन ताटं वाढलेली, बसलेली मात्र एकटी ताई.

तिसरं ताट बघितलं आणि तो रविवार कोणता ते मला कळलं. ते ताट माझं होतं. ताईने मला जेवायला बोलावलं होतं. मी फोनवर सांगितलं होतं की काम चालू आहे, झालं की निघतोच. काम वीस मिनिटांत संपलं होतं. मी ऑफिसात टेबलावर पाय टाकून बसून राहिलो. त्या माणसाच्या कॅमेऱ्यासमोर बसून घास गिळायचा नव्हता, एवढंच. पुढच्या तीन महिन्यांत ताई गेली. मधे मी एकदाही तिच्याकडे फिरकलो नाही.

व्हिडिओत ताईने मान वर केली. दाराकडे बघितलं. उठली. गुडघ्यावर हात ठेवून, तिच्या सवयीने. चालत दारापाशी गेली आणि कडीला हात लावला...

आणि थांबली.

"बघ," दाजी हळूच म्हणाले. "इथेच."

मी वैतागलो. एवढं करूनही अडकतंय म्हणजे काय. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किती फ्रेम गळाल्या त्याचा आकडा दिसतो. व्हिडिओ अडखळला की तो वाढत जातो. मी बघितलं.

शून्य.

एकही फ्रेम गळली नव्हती. म्हणजे कॉम्प्युटर अडकलेला नव्हता.

मी पडद्याकडे नीट बघितलं. खिडकीचा पडदा हलत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता...

व्हिडिओ चालूच होता. थांबली होती ती ताई.

हलकी प्रत खराब निघाली असेल म्हणून मी मूळ व्हिडिओ लावला. तेच. एक मिनिट. दोन मिनिटं. कडीवर हात ठेवून ती पाठमोरी उभी. इतक्या वेळात माणूस एकदा तरी पाय बदलतो. ती हलली नाही.

त्या दिवशी ती इतका वेळ तिथे उभी होती का, मी दाजींना विचारलं. ते नाही म्हणाले. तिने लगेच दार उघडलं होतं. बाहेर कोणी नव्हतं. मुळात बेल वाजलीच नव्हती, तिलाच वाजल्यासारखी वाटली होती.

ते एवढं बोलले...

आणि बेल वाजली.

दाजी उठून दाराकडे गेले. त्यांनी दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. जिना रिकामा आहे, असं ते तिथूनच म्हणाले. मला ते आधीच कळलं होतं, कारण बेल माझ्यासमोरच्या स्पीकरमधून वाजली होती.

पडद्यावर ताईने कडी काढली.

बाहेर कोणी नव्हतं. नुसता जिना आणि समोरची भिंत. तरी तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी लहानपणी पाहिलं होतं, शाळेतून घरी यायचो तेव्हा.

"आलास? ये, छोट्या."

मला छोट्या म्हणणारी जगात ती एकटी होती.

ती बाजूला सरकली. एका माणसाला आत यायला लागते तेवढी जागा तिने सोडली. मग दार लावलं. टेबलापाशी आली...

तिसरी खुर्ची आपोआप मागे सरकली.

ताई वाढायला लागली. मधेच थांबून ऐकायची, मान हलवायची. बारीक झालायस, म्हणाली. मग कशाला तरी खूप हसली. खुर्चीत कोणी नव्हतं.

मागे वळलो तर दाजी परत येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे. ते ओरडले नाहीत की घाबरले नाहीत. स्टूलवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि शेवटपर्यंत बघत राहिले.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी लावला नाही. व्हिडिओची एक प्रत घेतली आणि तिथून पळ काढला. हो, पळालो. हसायचं असेल तर हसा. तुम्ही तिथे असता तर चपला घालायलाही थांबला नसता.

ऑफिसात येऊन प्रत लावली. त्यात ताई उठते, दार उघडते, बाहेर कोणी नसतं. ती लगेच दार लावते. परत येऊन तिसऱ्या ताटावर एक रिकामं ताट झाकते आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "असेल त्याचं काही काम." मग एकटीच जेवते.

प्रत घेताना मूळ व्हिडिओची नोंद पाहिली होती, दोन्हींची लांबी तंतोतंत सारखी. आकार सारखा. एका बाइटचाही फरक नाही. अठरा वर्षांचा अनुभव खुंटीला टांगून मी बसून राहिलो.

संध्याकाळी दाजींना फोन करून सांगितलं, तो व्हिडिओ काढून टाका. ते नाही म्हणाले. इतका छान चालतोय आता, म्हणाले. मग म्हणाले की चौथ्यांदा लावला तेव्हा ताटापाशी हात दिसला.

त्यानंतर ते दर रविवारी फोन करायला लागले. मीटरची नोंद द्यावी तसं सांगायचे. हात कोपरापर्यंत दिसतोय. खांदे दिसले. राखाडी शर्ट आहे, तुझ्याकडे आहे का रे असा? होता. मी तो फेकून दिला. पुढच्या आठवड्यात व्हिडिओत तो शर्ट तसाच होता.

मे महिन्यात चेहरा दिसला.

"अगदी तूच आहेस," दाजी म्हणाले. "फक्त..."

मी विचारलं, फक्त काय.

"माझ्याशी नीट बोलतो."

मला राग आला. खरंच आला. कोण आहे हा माझ्या खुर्चीत बसलेला? माझ्या बहिणीला फसवतोय, तिच्या हातचं जेवतोय, आणि हा खुळा माणूस ते बघून खूश होतोय. मी चिडून विचारलं, काय बोलतो तो तुमच्याशी?

दाजी म्हणाले, जेवता जेवता तो कॅमेऱ्याकडे बघतो. म्हणजे त्यांच्याकडे. आणि म्हणतो, दाजी, मागे काय उभे राहताय, तुमचं ताट वाढलंय, या की जेवायला.

मी हे आयुष्यात कधी त्यांना म्हटलेलं नाही.

आणि ते टेबल कुणाचं आहे, तिथे जेवायला बसणं म्हणजे काय, हे मला एका क्षणात कळलं. दाजींचा आवाज अलीकडे खोल गेला होता. घरात स्वयंपाक करत नाही, भूकच लागत नाही, असं ते मागेच बोलले होते आणि मी लक्ष दिलं नव्हतं.

"दाजी, त्याला हो म्हणू नका," मी म्हणालो. "मी आत्ता निघतो. मी येतोय. मशीन बंद करा."

पलीकडे काही वेळ नुसता ताटांचा, वाट्यांचा आवाज येत होता.

"कशाला धावपळ करतोस?" दाजी अगदी मायेने म्हणाले. "तू नाही आलास तरी चालेल आता. तो आहे ना."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. बंद केला नाही.

मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग माझा आवाज आला. माझाच, पण मी कुणाशी बोलत नाही इतका प्रेमळ. कोणाचा फोन होता, असं तो विचारत होता.

"कोणी नाही रे," ताई म्हणाली. "तू जेव."

शेजाऱ्यांना फोन करून मी दार उघडायला लावलं. दाजी जिवंत आहेत. दवाखान्यात आहेत, पण कुणाला ओळखत नाहीत. मी भेटायला गेलो की हसून बाजूच्या खुर्चीकडे बोट दाखवतात आणि मला सांगतात की तिथे बसू नका, तिथे तो बसलाय.