निम्मा पेपर

शेजारच्या सीटवरचा माणूस फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होता की अख्ख्या एसटीला त्याचं मत कळलं.

"गोष्टी-कविता वाचून कोणाला नोकरी लागलीय का यार? मी रुजू झालो ना, की अभ्यासातून पहिलं ते काढून टाकणार."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार. "तुम्हाला लहानपणी कोणी गोष्ट सांगितली नव्हती वाटतं," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला आणि हसला. हसताना एकाच गालावर खळी पडली… म्हणजे पंचाईत. "सांगितली होती ना. झोप मस्त लागायची."

चौलच्या थांब्यावर मी उतरले, तोही उतरला. मी कॉलेजकडे वळले, तोही वळला. फाटकात मात्र मी थांबलेच. "पाठलाग करताय का?"

"इंग्रजीचा नवीन सर आहे. प्रज्योत घरत, उरणचा."

"इंग्रजीची जुनी मॅडम. नेत्रा म्हात्रे, इथलीच."

स्टाफरूममध्ये इंग्रजीला टेबल एकच होतं.

भांडण त्याच टेबलावर वाढलं. पुढच्या वर्षी कॉलेजला आपल्या पसंतीचा इंग्रजीचा एकच पेपर चालवायचा होता. मला साहित्याचा हवा होता. त्याला फोन, ईमेल, मुलाखतींचा. आम्ही दोघंही तासिका तत्त्वावर. ज्याचा पेपर जाईल त्याचे तास जाणार, आणि जूनमध्ये त्याला घरी बसावं लागणार. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणीच बोलत नव्हतं.

"मॅडम, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की कविता म्हणायची का?"

"म्हणून बघा. पळून तरी जाणार नाही."

"तुमची ऐकून नाही पळणार," तो म्हणायचा आणि माझ्या कपात अर्धा चहा ओतायचा. मी भांडण विसरू नये म्हणून खिडकीबाहेरच्या सुपारीच्या झाडांकडे बघत बसायची.

जानेवारीत प्राचार्य नाईक सरांनी आपल्या वाडीत पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरायचा, मडकं उलटं टाकायचं आणि भोवती आग करायची. नाईक सरांकडे कॉलेजातले तंटे पोपटी भाजेपर्यंत मिटवायची रीत होती. नियम एकच.

"भांडणाऱ्यानं आधी समोरच्याची बाजू मांडायची," सर म्हणाले. "नीट मांडली न्हाय, तर शेंगेला हात लावायचा न्हाय. नेत्रा, तू सुरू कर."

मी उभी राहिले. बाजू त्याची, शब्द कुठून आणू? तेवढ्यात आमची विद्यार्थिनी कल्पिता पाला आणून देताना दिसली. तिच्या घरी पाहुण्यांना खोल्या देतात. ती मला एकदा म्हणाली होती, "मॅडम, गोरा पाव्हना आला ना, तर आई मागच्या दारानं पलते."

मी तेच सांगितलं. म्हटलं, चार वाक्यं येत नाहीत म्हणून बाईला स्वतःच्या घरातून पळावं लागतं. ती चार वाक्यं आम्ही तिच्या मुलीला देत नसू, तर आमच्या कवितांना काय करायचंय? बोलता बोलता मला ते खरंच पटलं.

प्रज्योत आगीकडे बघत होता. मग तो उठला.

"मी मॅडमचा तास रोज ऐकतो. व्हरांड्यात उभा राहून," तो म्हणाला. मला हे नवीन होतं. "त्या दिवशी त्या एका दीपगृहवाल्याची गोष्ट सांगत होत्या. मुलगी बोटीने निघून जाते ती. कल्पिता माझ्या तासाला कधी तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी तिने उठून इंग्रजीत विचारलं, मुलगी परत येते का? मोडकंतोडकं, पण विचारलं. कारण तिला जाणून घ्यायचं होतं. मी बोलायला शिकवतो… पण बोलावंसं वाटायला मॅडम शिकवतात."

कोणीतरी मडक्यावर पाणी शिंपडलं. चुर्र आवाज आला. पोपटी झाली होती.

"मला कामाचं सगळं इंग्रजी येतं," तो हळू आवाजात पुढे म्हणाला. "वडिलांच्या डंपरसाठी कंपन्यांशी मीच बोलायचो. पण एखादं माणूस आवडलं तर काय बोलायचं… ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं."

सगळे शेंगांकडे धावले. माझे कान मात्र तापले होते, आणि मी आगीपासून चांगली लांब होते.

"आधी बोलावंसं वाटलं पायजे. पेपर नेत्राचा," नाईक सर म्हणाले.

जिंकले होते मी. आणि हातातली वालाची शेंग मी तशीच ठेवून दिली. जूनमध्ये त्या टेबलावर मी एकटी, पुरा कप चहा घेऊन… नको. मला नकोच होतं ते.

"सर, निम्मा पेपर यांना द्या," मी म्हटलं. "फोन आणि मुलाखती यांच्याकडे, गोष्टी माझ्याकडे."

"तुझे तास निम्मे होतील गो. पगारही."

"होऊ देत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "बरं हाय," एवढंच म्हणून ते मीठ शोधायला गेले.

प्रज्योत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मॅडम… का केलंत?"

"तुम्ही गेलेलं नकोय मला. बास. आता तुम्ही बोला."

"इंग्रजीत—"

"नको."

"मराठीत—"

"घरी बोलता तसं बोला."

त्याने शेंगेतून दाणे काढले, माझ्या हातावर ठेवले, आणि खाली बघत म्हणाला, "मना तू आवरतेस."

मीही आगऱ्याचीच पोर; 'आवरतेस' म्हणजे आवडतेस, हे मला कोणी सांगायला नको. "मना पन," मी म्हटलं, आणि गरम दाण्यांसकट त्याची बोटं मुठीत धरली.