खाली ठेवलेला पाईप

बावड्याला मी गेलो तो एका बाईशी भांडायला. मार्चमधला रविवार होता. जेवून बारामतीतून निघालो, इंदापुरात चहा घेतला आणि चारच्या सुमारास तिच्या दारात गाडी लावली. हे सगळं भर उन्हात घडलंय, एवढं ध्यानात ठेवा. अंधार नव्हता, वारा नव्हता, कुठं कुत्रंसुद्धा ओरडत नव्हतं.

बाईचं नाव सुकन्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्षभरात तिनं मला सात पत्रं धाडली होती. सातही पत्रांत एकच मागणी: एकोणीस वर्षांपूर्वीची तुमची बातमी चुकीची होती, असं छापा.

ती बातमी मला पाठ आहे. तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या चोथ्याच्या, ढिगाला आग लागली. दोघं जळून गेले. एक आबाजी, कारखान्याच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट आणि सुकन्याचे वडील. दुसरा भीमा, ढिगावरचा मजूर आणि आबाजींचा सख्खा मेहुणा. आबाजी पाईप ओढायचे आणि पाईप ढिगाजवळ सापडला. पंचनाम्यात होतं ते मी लिहिलं: केमिस्टच्या पाईपमुळे आग. तेहतीस वर्षं बातमीदारी केली, पुढाऱ्यांच्या धमक्या ऐकल्या, दोन खटले अंगावर घेतले. पण चुकलो म्हणून एक ओळ कधी छापली नाही. ती आता पत्रं आली म्हणून छापू? तसं तिला म्हणालोही.

“पत्रांसाठी नका छापू,” सुकन्या म्हणाली. “आधी ओढून बघा. मग ठरवा.”

तिनं एक स्टीलचा डबा आणि एक पाईप माझ्यापुढं सरकवला. पाईप आबाजींचाच, पोलिसांनी परत दिलेला. तंबाखू भरायच्या वाटीची एक बाजू करपलेली होती. डब्यातली तंबाखू तिनं वडिलांच्या वहीतून बघून केली होती. निपाणीची पानं, काकवीत भिजवून, पाट्याखाली आठवडाभर दाबून सुरीनं चिरलेली. रंग काळपट, आणि बोटाला चिकटणारी.

मी कॉलेजपासून पाईप ओढतो. व्हर्जिनियाचा वाळल्या गवतासारखा गोडवा, बर्लीची भाजक्या शेंगदाण्याची चव, लटाकियाचा ओल्या सरपणासारखा धूर, सगळं जिभेवरून गेलंय. हे त्यातलं काहीच नव्हतं. पहिल्या झुरक्याला मनुका. मग जुन्या गुळाची ढेप फोडल्यावर येतो तो वास. शेवटी अगदी थोडी मेथीसारखी कडू चव. धूर गार, जीभ अजिबात भाजली नाही. तंबाखू मला आवडली आणि त्याचाच मला राग आला.

“आता खाली ठेवा,” ती म्हणाली. तिनं परातीत सुकं बगॅस पसरून ठेवलं होतं.

“पेटलं तर घर जाईल तुमचं.”

“पेटत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

मी पाईप बगॅसवर आडवा ठेवला आणि घड्याळ पाहिलं. मिनिट व्हायच्या आत तो विझला. काकवी मुरलेली असली तंबाखू ओढत राहिलं तरच जळते. हात सुटला की गार. पाईप ओढणाऱ्या कुणालाही हे कळलं असतं, आणि मी तर ओढत होतो. त्या वेळी मी पंचनामा वाचला. डबा उघडून पाहिला नाही.

तरी मी म्हणालो, “एकदा विझला म्हणून काही सिद्ध होत नाही.”

दुसऱ्यांदा भरला, पेटवला, चांगले दहा झुरके घेतले, ठेवला. त्याहून लवकर विझला.

“एकोणीस वर्षांनी हे वाचणार कोण?” मी विचारलं.

तिनं आवाज खाली आणला. “आई. तिच्या भावाला तिच्या नवऱ्यानं जाळलं, असं पेपरात आलंय ना. बाबांचा फोटो तेव्हापासून ट्रंकेत आहे. भिंतीला लावू देत नाही. ज्यानं लिहिलं त्यानं खोडलं तर लाव, म्हणते. आता तिचे किती दिवस राहिलेत...”

आतल्या खोलीतून भिंत चाचपत तिची आई, दगडाबाई, आल्या. डोळ्यांना उजेडापलीकडं काही दिसत नव्हतं. कान मात्र शाबूत असावेत.

“ह्योच का गं पेपरवाला?”

“होय मावशी,” मी म्हणालो.

“च्या पाजला का ह्येला, का नुसतीच तंबाकू?” त्या बाजेवर टेकल्या. “आता माझ्या म्होरं ठिवा. ह्या पोरीचं मी ऐकायची न्हाय. बापाची हाय ती. दादा, तुमी सांगायचं. इझली का न्हाय, येवढंच.”

सुकन्या क्षणभर थबकली. मग पाईप आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. “राख झाडून भरून आणते,” म्हणाली. काडी ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा वाटीवर तिनं तळहात धरला होता. तिनंच पाईप परातीत ठेवला. मी आधी ओढून पाहतो, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

पाईप गार दिसत होता. धूर नाही, काही नाही. मला बरं वाटलं, तिच्यासाठी.

मग वाटी लाल झाली.

हळूहळू लाल झाली, पुरती फुलली आणि तशीच हळू मंद झाली. जेवून निवांत बसलेला माणूस झुरका घेतो तशी. थोडं थांबून पुन्हा. वीज दुपारीच गेलेली, पंखा बंद, दाराचा पडदासुद्धा हलत नव्हता. लांब झुरका, मग लांब झुरका. आणि मग दोन तोकडे, घाईचे, लागोपाठ. पुन्हा लांब. मला काही कळेना. मी सुकन्याकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. परातीत वाटीखालच्या बगॅसच्या काड्या काळ्या पडून वळायला लागल्या.

“इझली का, दादा?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून धूर आला.

गार धूर. मनुका, गूळ, शेवटी ती मेथीची चव. पाईपला शेवटचे ओठ लावून मला पंधरा मिनिटं होऊन गेली होती.

“विझली... मावशी,” मी म्हणालो.

दगडाबाईंनी मान हलवली. “मग बरं...” त्या बाजेवर सरकून बसल्या. “भीमा असता तर इझू दिली नसती. ह्यांनी खाली ठिवली, पाठ फिरली, की त्यो उचलायचा. दोन दम मारायचा, बारके बारके. पुन्हा जिथल्या तिथं. ह्यांना वाटायचं, आपलीच जळतीया...”

सुकन्यानं तांब्याभर पाणी परातीत ओतलं. चर्र झालं.

“काय गं?”

“काही नाही आई. पाणी सांडलं.”

“ट्रंकेतनं फोटू काढ. आन् भीमाचा बी काढ. दोगं एकाच खिळ्याला लाव.”

पाईपकडं न बघताच सुकन्यानं तो फडक्यात गुंडाळला. मीही पाहिलं नाही.

बारामतीत परत आलो आणि तीन रात्री लिहीत बसलो. काय लिहू? पाईप खाली ठेवला की विझतो, हे खरं होतं. दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा जे पाहिलं ते लिहिलं तर दोष आबाजींवरून उठून म्हातारीच्या भावावर जायचा. आणि ते मी पाहिलं, असं तरी कुणाला सांगू? मला स्वतःला सांगता येत नव्हतं. आठ कागद फाडले. शेवटी आमच्या साप्ताहिकात एक ओळ दिली: आबाजींच्या पाईपमुळे आग लागल्याचे माझे वृत्त मी मागे घेतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी, सुकन्याचा फोन आला. अंक पोचला होता. तिनं आईला तीनदा वाचून दाखवला होता. दोन्ही फोटो भिंतीवर लागले होते. आभार मानून झाले, तरी ती फोन ठेवीना.

“साहेब, एक सांगायचं राहिलं.”

“बोला.”

“तिसऱ्या वेळी मला भीती वाटली. दोनदा विझला, पण आईसमोर नाही विझला तर?”

“मग?”

“मी पाईप भरलाच नव्हता. मोकळाच ठेवला. काडी नुसती ओढली, आईला आवाज यावा म्हणून.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“साहेब... मग तुमच्या तोंडातून आला तो धूर कसला?”