पाचव्या दिवशीच्या रक्तवाहिन्या

डॉ. यामिनी परचुरे स्वतःच्या सावलीचीही उलटतपासणी घेतील, असे शरीराच्या ऊती वाढवणाऱ्या मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत सगळे म्हणत आणि ते फारसे खोटे नव्हते. प्रयोगपेटी बंद केली की झाकणाच्या सांध्यावर लाल चिकटपट्टीचे तीन वेढे आणि वर सही, ही त्यांची रीत. गेल्या महिन्यात सहकारी डॉ. कुंदन लोखंडे यांनी न घेतलेली एक नोंद अंदाजाने लिहिली, तेव्हापासून तिनाचे सात वेढे झाले होते.

त्यानंतरची ही पहिलीच पेटी. आत जुईचा मज्जातंतू होता. अकरा वर्षांच्या त्या मूकबधिर मुलीचा उजवा हात काचेने कापून त्यातला मज्जातंतू तुटला होता. हातांनी बोलणाऱ्या पोरीची निम्मी वाचाच गेली होती. तिच्याच पेशींपासून हा तंतू वाढवायला दोन महिने लागले होते. सोमवारची शस्त्रक्रिया चुकली, तर हाताचे स्नायू कायमचे वाळणार होते.

यामिनीबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोके वर काढले.

"लोखंडे, रक्तवाहिन्या तंतूत शिरल्यात. पेटीत दोन्ही शेजारी ठेवून आज पाचवाच दिवस आहे."

"लवकर शिरल्या, बरंच झालं की, मॅडम!"

"नऊ दिवस त्या बाहेरच ताटकळतात. तंतू जाड झाला, त्याला प्राणवायू पुरेनासा झाला, की त्याच्या आवरणपेशी साद-प्रथिन सोडतात. ती हाक आल्याशिवाय रक्तवाहिनी आत पाऊल टाकत नाही. हा दुसराच, जुना तंतू आहे. तुम्ही तो बदललात."

लोखंड्यांचा चेहरा पडला. "त्या नोंदीची मी माफी मागितली होती. पण जुईच्या तंतूला हात लावीन मी? तिच्याशी बोलता यावं म्हणून खुणा शिकलोय. जनुकतपासणी करा."

यामिनीबाईंनी तपासणीपुरता कण काढून घेतला आणि उरलेल्या तंतूवर जंतुनाशक ओतले. संशयित नमुना शिल्लक ठेवायचा नाही, हा नियम त्यांचाच. उरला, तर कोणीतरी तो गुपचूप शस्त्रक्रियेला पाठवील. लोखंडे "थांबा!" म्हणेपर्यंत तंतू पांढराफटक पडला होता.

दोन तासांनी निकाल आला. तंतू जुईचाच होता. त्यांनी तपासणी पुन्हा करवली. तरीही जुईचाच.

"मग वेळेआधी त्याचा श्वास कोणी कोंडला?" त्या पुटपुटल्या.

लोखंडे रिकाम्या पेटीची पट्टी सोलत होते. सांध्याच्या वर चढलेले चार जादा वेढे निघाले आणि त्यांखालून बोटभर रुंदीची बारीक जाळी दिसली.

"हवा इथून आत जाते, मॅडम," ते हळूच म्हणाले.

यामिनीबाई पट्टीवरच्या आपल्या सहीकडे बघत राहिल्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाहेर बाकावर जुई आईबरोबर बसली होती. त्यांना पाहताच तिने डाव्या हाताने काहीतरी विचारले.

"काय म्हणतेय ती?"

"सोमवारी नक्की ना, असं विचारतेय."

"लोखंडे, चूक माझी झाली, हे कसं सांगतात?"

लोखंड्यांनी खूण करून दाखवली. यामिनीबाई जुईसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी आपला धडधाकट उजवा हात उचलला.