चढावरची गाडी

पाणीखात्याचे साहेब, हैदराबादेतल्या जामबागचा रस्ता तुम्ही खोदलात, पाइप टाकलेत आणि वर घमेलंभर माती लोटून पसार झालात. त्याच खड्ड्यात स्वप्ना वाघमारेची गाडी रुतली. तुमच्या नालायकीतून पुढे काही गोड उगवलं, म्हणून तुम्हाला माफी नाही.

चाक जागच्या जागी गरगरत होतं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"क्लचवरचा पाय काढा, मॅडम. जळका वास येतोय."

"आधी ढकला. मग शिकवा."

त्याने ढकललं. गाडी निघाली, पण त्याचा पांढरा शर्ट कामातून गेला. स्वप्नाला हसू आवरेना...

"सिकंदराबादला बँकेत चाललेय. सोडू कुठे?"

तोही तिकडचाच, रेल्वेच्या ऑफिसातला. विकास शिंदे. वडिलांचं, अप्पारावांचं, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. त्या दिवसापासून रोजची सोबत सुरू झाली, आणि रोजची शिकवणीही. लांबून सिग्नल लाल दिसला की एक्सिलरेटर सोड, ब्रेक कमी झिजतो. खड्ड्यात शिरल्यावर ब्रेक दाबू नको, आधी दाब.

"गाड्या झिजल्या तरच तुमचं दुकान चालतं ना?" ती म्हणाली. "मग झिजू दे की."

"लोकांच्या झिजू देत..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "ही नक्को."

त्या 'नक्को'नंतर पुढचा सिग्नल लाल दिसताच तिने आपणहून एक्सिलरेटर सोडला.

एकदा तो म्हणाला, "गिअरवर हात ठेवून चालवू नकोस. आतून झिजतो."

"मग कुठे ठेवू?"

त्याचे कान लाल झाले. "स्टिअरिंगवर," तो म्हणाला — आणि लगेच पस्तावला. तिने ते बरोबर टिपलं.

मग एक दिवस त्याने सांगितलं, आईला तुझ्याबद्दल बोललोय. तुझं नावही सांगितलंय. आई त्यावर काय म्हणाली, ते मात्र नाही. तिला तर पुढचंच हवं होतं. वाघमारे ऐकल्यावर जात ताडून चहाचा कप बदलणारी घरं हैदराबादेतही आहेत. तशा एका घरात तिने तो चहा प्यायला होता.

त्या संध्याकाळी नामपल्लीजवळ पुलाच्या चढावर गाड्या खोळंबल्या. क्लच अर्धा दाबून, एक्सिलरेटर देत तिने गाडी चढावर तोलून धरली होती.

"असं नको," विकास म्हणाला. "क्लच प्लेट जाते. हॅन्डब्रेक ओढ, न्यूट्रल कर, पाय काढ."

तिने ओढला. न्यूट्रल केलं. पाय काढला. त्याच्याकडे वळली.

"आईला नाव सांगितलंस. आडनाव?"

"सांगणार आहे, स्वप्ना... बाबांचा मूड बघून—"

"क्लच प्लेटची एवढी काळजी. आणि मला कधीपासून चढावर तोलून धरलंयस, ते दिसत नाही?"

हॅन्डब्रेकवरच्या तिच्या हातावर त्याचा हात आला. पुढची गाडी हलली. मागून हॉर्न सुरू झाले. तिने हात काढून घेतला नाही, हॅन्डब्रेकही सोडला नाही.

"हात धरलास, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण मी आडनावाचं विचारलंय. आज घरी सांगणार आहेस की नाही?"