करंजाखालचा रवा

"वहिनी, रवा तुपावर भाजून घ्यायचा. मूठभरच. आन् करंजाच्या बुंध्यालाच घालायचा हां, दुसरीकडं नाय. कार्तिकी एकादशीपर्यंत तेवढा माझा नेम मोडू देऊ नका."

ललिताचा हा आवाज आनंदीबाईंच्या कानातून गेला नव्हता. नणंद ती, कडावला दिलेली. दर चातुर्मासात मुंग्यांना रवा घालायचा तिचा नेम. श्रावणात ती दवाखान्यात पडून होती, तेव्हा आनंदीबाईंनी तिचा हात हातात घेऊन "घालीन गं" म्हटलं होतं. लहानपणी भात कापताना विळा लागून ललिताची करंगळी आत वळली होती, ती वळलेलीच राहिली. त्या दिवशी ती करंगळी आनंदीबाईंच्या तळव्याला टोचत होती. तिसऱ्या दिवशी ललिता गेली.

दहिवलीहून कडावला रोज जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. आनंदीबाईंचं सगळं घड्याळाला बांधलेलं. पहाटेची अंघोळ, पूजा, पोथी, तिन्हीसांजेचा दिवा. त्यात कडाव कुठं बसवायचं? मुंगी ती मुंगी, देवाला दहिवलीची काय नि कडावची काय, असं म्हणून त्यांनी रवा आपल्याच उंबऱ्याबाहेर घालायला सुरुवात केली. कच्चाच. मुंग्यांसाठी तूप कशाला, हेही मनात येऊन गेलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मुंग्या यायच्या. बारक्या, काळ्या. फाटकाखालून रांग लावून यायच्या, रव्याला वळसा घालायच्या आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबायच्या. कण काही उचलायच्या नाहीत. संध्याकाळी आनंदीबाई रवा गोळा करून तुळशीत टाकायच्या.

"आई, तुमच्या मुंग्यांची रोजच एकादशी असते वाटतं," सून सुरभी एकदा हसून म्हणाली.

सुरभी शाळेत विज्ञान शिकवायची. किड्यांचे फोटो टाकायची एक साइट होती, तिचा तिला नाद. फोटो टाकायचा, तारीख आणि ठिकाण लिहायचं. मग कुठला कोण जाणकार बसल्या जागेवरून किड्याचं नाव सांगायचा, तो काय खातो, कुठं राहतो तेही सांगायचा. दिवाळीच्या सुट्टीत तिनं उंबऱ्यावरच्या मुंग्यांचा फोटो टाकला. दुपारी केरळातल्या कुणाचं उत्तर आलं. इंग्रजीतलं ते उत्तर तिनं सासूला मराठीतून वाचून दाखवलं.

"'ही पॅगोडा मुंगी. झाडावर काळ्या मडक्यासारखं घर बांधते. घर जवळच असणार, शोधा. मोजमापासाठी हात ठेवलात ते बरं केलंत. करंगळी सरळ ठेवली असती तर माप नीट कळलं असतं.'" सुरभी थांबली. "मी कुठं हात ठेवला?"

तिनं फोटो मोठा करून पाहिला. मुंग्या, रवा, उंबऱ्याचा दगड.

"दुसऱ्याच कुणाचा फोटो बघून लिहिलंय यानं."

आनंदीबाईंच्या आळीत असं झाड नव्हतं. काळं मडकं होतं ते कडावला, ललिताच्या करंजावर. ती फांदी तिनं कधी कुणाला तोडू दिली नाही. चावत नाहीत का गं, असं विचारलं तर म्हणायची, "मला वळखत्यात त्या."

कडाव इथून कोसांवर. मुंगी एवढं चालत नाही, हे कळायला साइट लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुरभीनं दोन्ही हातांनी मोबाइल धरून फोटो काढला. या वेळी दापोलीच्या कुणी तरी मराठीतच लिहिलं. "मुंगी तीच आहे. हात आज उंबऱ्यावर ठेवलाय, चावतील, काढून घ्या."

"कुठला हात?" सुरभीनं तिथंच लिहून विचारलं. लगेच उत्तर आलं.

"बाईंचा. उजवा. करंगळी वाकडी असलेला."

"टवाळ आहेत मेले," सुरभी म्हणाली. "काढूनच टाकते फोटो."

"राहू दे," आनंदीबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी तुपावर रवा भाजला. घरभर वास सुटला. मूठभर रवा उंबऱ्यावर ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "ललिता, गुडघे साथ देत नाहीत गं." आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं, दिवाळीच्या खरेदीला हेच गुडघे कल्याणपर्यंत गेले होते.

रांगेनं त्या रव्यालाही वळसा घातला.

सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी आपणहून सुनेला फोटो काढायला सांगितला. मग पोथी उघडून बसल्या. पान उलटलं नाही.

उत्तर केरळातल्याचंच आलं. सुरभीनं ते मनात वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"वाच."

"नको, आई."

"वाच गं."

"'आज हात उंबऱ्याच्या आत आलाय. तळवा वर केलेला आहे.'" सुरभीचा आवाज खाली आला. "'रिकामा आहे. त्यात काही ठेवायचं राहिलं का?'"

आनंदीबाईंनी पोथी मिटली.

"एकादशीला किती दिवस राहिले?"

"चार."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. कढई चढली, तूप विरघळलं, रवा तांबूस झाला. त्यांनी तो पितळी डबीत भरला आणि डबी पदराच्या टोकात बांधली.

"मी येते बरोबर," सुरभी म्हणाली. "निदान कडावच्या रिक्षात बसवून देते."

"नको. शब्द मी दिला होता."

बाहेर मुंग्यांची रांग फाटकाकडे वळली होती.

दारात आनंदीबाई क्षणभर थांबल्या. खाली फरशी सकाळीच पुसलेली, कोरडी, रिकामी. त्यांनी निऱ्या वर उचलून धरल्या, भिंतीला हात टेकला आणि अगदी कडेकडेनं, कुणाच्या बोटांवर पाय पडू नये इतक्या जपून, त्या उंबरा ओलांडून गेल्या.