फिल्मवरचं टिंब

दंतवैद्यांच्या परिषदेत नाश्त्याला चिक्की ठेवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. यंदा नाशिकच्या आयोजकांनी ती केली. शेंगदाण्याच्या चिक्कीची तीन ताटं आणि वर पाटी: ‘खा बिनधास्त, दात परत येतील!’ जन्मभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून बजावणारी आठशे माणसं त्या टेबलापुढे निमूट रांगेत उभी होती.

हा उत्साह डॉ. शाल्मली उकिडवे यांच्यामुळे होता. रुग्णाच्याच पेशींपासून त्यांनी दंतबीज तयार केलं होतं. गेलेल्या दाताच्या जागी, हिरडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं हे बीज ठेवायचं. दीडेक वर्षात तिथे खराखुरा दात उगवावा, अशी अपेक्षा. बासष्ट जणांच्या जबड्यात अशी बीजं ठेवून झाली होती. त्यातलं सर्वांत पहिलं सुरगाण्याच्या सोनकाबाई गावितांचं. त्यांचा नऊ महिन्यांनंतरचा एक्स-रे आजच्या बीजभाषणात पडद्यावर यायचा होता, आणि सगळे त्याचीच वाट पाहत होते.

भाषणाला दहा मिनिटं उरली असताना शाल्मलीबाई मात्र मंचामागच्या खोलीत पांढऱ्याफटक चेहऱ्याने बसल्या होत्या.

“अंकुर उजवीकडे आलाय,” त्या म्हणाल्या. “आम्ही बीज डावीकडे ठेवलं होतं.”

परिषदेचे कार्यवाह डॉ. जयवंत खैरनार लॅपटॉपवर वाकले. सोनकाबाईंच्या खालच्या पहिल्या दाढा दोन्ही बाजूंच्या गेलेल्या होत्या. बीज फक्त डावीकडे, उजवी बाजू तुलनेसाठी रिकामी. दोन्ही बाजूंचे एक्स-रे समोर होते. एकात दाढेचा इवलासा अंकुर स्पष्ट दिसत होता आणि एक्स-रे वाचणाऱ्या ‘दंतदर्शी’ प्रोग्रॅमने त्याखाली ठामपणे लिहिलं होतं: खालची उजवी बाजू.

“प्रोग्रॅम चुकला असेल हो.”

“शेजारच्या दातांच्या ठेवणीवरून तो बाजू ओळखतो. मीही पाहिलं, उजवीच आहे. म्हणजे बीजातल्या पेशी रक्तातून फिरतायत. आज उजव्या हिरडीत, उद्या फुप्फुसात दात उगवला तर?”

खैरनारांनी दोन्ही एक्स-रे पुन्हा निरखले. “एक्स-रे काढला कुणी?”

“सुरगाण्याच्या धात्रकसरांनी. त्यांचा डिजिटल सेन्सर बिघडला म्हणून जुन्या पद्धतीच्या फिल्मवर काढलाय. सकाळी लिफाफा माझ्या हातात देऊन नाश्त्याला गेले. फिल्म मीच स्कॅन केल्या. आता त्यांचा फोन लागत नाही.”

‘सभागृहात मोबाईल बंद ठेवावेत’ ही सूचना शब्दशः पाळणारे धात्रक हे त्या आठशेंतले बहुधा एकटेच गृहस्थ होते.

“मॅडम, आज नुसती पद्धत सांगा. एक्स-रेचं नंतर बघू.”

“सोनकाबाईंनी माझा हात धरून विचारलं होतं, नागलीची भाकर चावता येईल ना म्हणून. त्यांना काय सांगू, तुमचं नंतर बघू?” शाल्मलीबाई उठल्या आणि मंचावर गेल्या.

त्यांनी काहीही लपवलं नाही. एक्स-रे दाखवला, बाजू दाखवली, भीती सांगितली. मग म्हणाल्या, “आज संध्याकाळपासून आम्ही बासष्टही बीजं काढून टाकणार आहोत. माझ्या टीमला तसं कळवते.” बारा वर्षांचं काम त्यांनी एका वाक्यात मोडीत काढलं. सभागृहात इतकी शांतता पसरली, की कुणाच्या तरी दाताखाली चिक्की मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तो आवाज मागच्या दारातून आला होता. दारात सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. घास कसाबसा गिळून ते ओरडले, “मॅडम, फिल्म उलटी आहे!”

“प्रश्न शेवटी, चिठ्ठीवर लिहून,” खैरनार सवयीने माइकवर म्हणाले.

“चिठ्ठी लिहीपर्यंत सगळी बीजं उपटून मोकळे व्हाल तुम्ही!” म्हणत डॉ. त्र्यंबक धात्रक तरातरा मंचावर आले. “मूळ फिल्म कुठंय?”

शाल्मलीबाईंनी खिशातून लिफाफा काढला. धात्रकांनी फिल्मच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि ती त्यांच्यापुढे धरली. “बोट लावा इथं. टिंब लागतंय? त्याचा उंचवटा आपल्याकडे असला की फिल्म सुलट. खड्डा आपल्याकडे आला की डावीची उजवी दिसते. तुम्ही दोन्ही फिल्म उलट्या ठेवल्यात.”

“मला... हे कुणी शिकवलंच नाही, सर.”

“कसं शिकवणार? तुम्ही सेन्सरवर शिकलात. सेन्सरवरची प्रतिमा अशी उलटत नाही, म्हणून तुमच्या त्या दंतदर्शीलाही शंका आली नाही. अहो, सोनकाबाईंच्या तोंडात फिल्म मी या हातानं धरली होती. अंकुर डावीकडेच आहे. त्या तर म्हणतात, तिथं खाज सुटलीय.”

तिथल्या तिथे फिल्म पुन्हा स्कॅन झाली. पडद्यावर अक्षरं उमटली: खालची डावी बाजू. शाल्मलीबाई मंचाच्या पायरीवरच मटकन बसल्या. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. टाळ्या थांबेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

मग त्यांनी माइक मागून घेतला. “हे टिंब आणखी कुणाला माहीत होतं?”

अकरा हात वर झाले. पण पडद्यावरून टिंबाचा उंचवटा कळत नाही, आणि फिल्म मागायचं त्या अकरांपैकी कुणाला सुचलं नव्हतं. उरलेलं बीजभाषण बाजूला राहिलं. ती फिल्म रांगेरांगेतून फिरली आणि प्रत्येकाने तिच्यावर अंगठा फिरवून पाहिला.

चहाच्या वेळी शाल्मलीबाई धात्रकांना वाकून नमस्कार करू लागल्या, तसे ते ओशाळून मागे सरले.

“नमस्कार कसला करता, मॅडम? खरं सांगू का? मी दुसऱ्यांदा चिक्कीच्या रांगेत उभा होतो. एकच वडी हाती लागली, ताट रिकामं झालं, म्हणून आत आलो.” त्यांनी तिकडच्या टेबलाकडे पाहिलं. “ताटात आणखी चार वड्या असत्या, तर?”