दोष एकीकडे, बोट दुसरीकडे

चंद्रावरच्या हरितगृहात राजगिऱ्याची कोवळी रोपं माना टाकू लागली होती. शर्वाणीने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राने मान्य केल्याशिवाय पाण्याचा पंप सुरू होणार नव्हता, आणि पडद्यावर लाल अक्षरं ठाण मांडून बसली होती: ‘ओळ १९. संख्या हवी, मजकूर मिळाला.’

एकोणिसाव्या ओळीत एका रोपाचं पाणी गुणिले रोपं, एवढंच होतं. यात चुकलं काय? तिने ती ओळ पुसून नव्याने लिहिली. तरी तेच. संतापाने तिचे डोळे भरून आले.

प्रोग्रॅम लिहायची ही भाषा तिच्या हेमलताआत्यानेच बनवली होती. शर्वाणी तरातरा तिच्या प्रयोगशाळेत गेली.

“आत्या, तुझं यंत्र खोटं बोलतं.”

आत्याने प्रोग्रॅम पाहिला. ती शांतपणे म्हणाली की, यंत्र प्रत्येक गोष्टीचा प्रकार (ती संख्या आहे की मजकूर, हे) तपासतं. दुसऱ्या ओळीत शर्वाणीने पाण्यापुढे “अर्धा लिटर” असं अवतरणचिन्हांत लिहिलं होतं. अवतरणचिन्हांतलं सगळं यंत्राच्या लेखी मजकूर, म्हणजे नुसती अक्षरं. अक्षरांचा गुणाकार कसा होणार? म्हणून गुणाकाराच्या ओळीशी येऊन यंत्र अडलं होतं.

शर्वाणीने तिथे ०.५ लिहिलं. पंप घरघरला, रोपांना पाणी मिळालं. तिचा राग मात्र तसाच राहिला.

“दुसऱ्या ओळीचं त्याला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही? ठेच कुठे लागली ते सांगतं, दगड कुठे आहे ते नाही. माझी रोपं गेली असती.”

सरावाने कळतं गं, असं आत्या म्हणणार होती. पण भाचीचा चेहरा पाहून तिने शेजारची खुर्ची पुढे केली.

दुपारभर दोघी भांडत भांडत काम करत होत्या. कोणत्या गोष्टीला कोणता प्रकार कुठल्या ओळीत मिळाला, हे यंत्राने लक्षात ठेवावं आणि अडलं की तेही सांगावं, असं ठरलं. मग प्रोग्रॅम पंपाला न जोडता त्यांनी तीच चूक मुद्दाम केली.

‘ओळ १९ मधल्या गुणाकाराला संख्या लागते. पण “पाणी” हा मजकूर आहे, कारण ओळ २ मध्ये तो अवतरणचिन्हांत लिहिला आहे. तिथे ०.५ लिहायचं होतं का?’

शर्वाणीने ते दोनदा वाचलं.

“असे कोड्यात बोलणारे अजून किती संदेश आहेत?”

“पुष्कळ,” आत्या म्हणाली.

“सगळे दाखव. उद्या मंगळावर कुणी रोपं लावली, तर त्याला असं रडायला लागू नये.”